सहाची रिंग

दार उघडलं तर समोर वेरोना. बारा मैल बसने आलेली, एका हाताने गुडघा दाबत उभी. दुसऱ्या हातावर हँगरला लावलेला काळा झगा.

"आहेस तर," ती म्हणाली आणि आत येऊन खुर्चीत मटकन बसली.

इर्माला काही उमगेना. दोघी सख्ख्या बहिणी, दोघी विधवा, दोन गावांत एकेकट्या. रोज संध्याकाळी सहाला धाकट्या इर्माने फोन लावायचा आणि एक रिंग झाली की ठेवून द्यायचा. थोरलीने उचलायचा नाही, म्हणजे पैसे पडत नाहीत. रिंग वाजली म्हणजे इर्मा धडधाकट आहे.

"परवा रिंग नाही, काल नाही. रात्रभर हा मयताला घालायचा झगा इस्त्री करत बसले," वेरोना म्हणाली.

"अगं, दोन्ही दिवस लावला मी. सोमवारी पिट्सबर्गहून फोन कंपनीची माणसं आली नि तबकडीचा फोन काढून हा बटणांचा बसवून गेली. आधी आमच्या गावात वापरून बघणार म्हणे, मग देशभर."

"लाव बघू माझ्यादेखत."

इर्माने खिडकीबाहेर बघतच भराभरा बटणं दाबली. काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं तिने बेरजेचं यंत्र असंच, न बघता चालवलं होतं.

"माझ्या नंबरात दोन आठ आहेत, बये. तू दोन्ही वेळा आठाऐवजी दोन दाबलास."

इर्मा वाकून बघायला लागली. बेरजेच्या यंत्रावर सात-आठ-नऊ सगळ्यात वर असतात. इथे कुणा शहाण्याने एक-दोन-तीन वर नेऊन बसवले होते. आता बोटांना काय ठाऊक! दोन संध्याकाळी भलत्याच कुणाच्या तरी घरी रिंग वाजली होती.

इर्मा हसायला गेली, पण हसू आलं नाही. "मग तूच का नाही केलास फोन? मी उचलला असता की."

वेरोना झग्याच्या बाहीवरून हात फिरवत राहिली.

"आणि नसता उचललास तर?"

इर्माने कोबीचं सूप गरम केलं. परतीची बस साडेसहाची होती.

सहा वाजता इर्मा उठली. चष्मा लावून, एकेक आकडा पुटपुटत तिने वेरोनाचा नंबर दाबला. तिकडे कुलूपबंद घरात एक रिंग वाजली. तिने फोन ठेवला.

वेरोना डोळे मिटून खुर्चीत मागे रेलली होती.

"वाजली," ती म्हणाली.