बाईसाहेबांना बाळाची सवय

"फडकं तिच्या नाकाशी नेऊ नका. जमिनीवर ठेवा आणि बाजूला व्हा," मांजरांचा डॉक्टर फोनवर म्हणाला.

फोन कानाला लावून बाळाचा बाप बाजूला झाला. त्याची मुलगी जन्माच्या पहिल्या दिवशी ज्यात गुंडाळलेली होती, ते इस्पितळातलं फडकं होतं. बाईसाहेबांनी ते हुंगलं, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि त्यावर बसकण मारली.

बाईसाहेब अकरा वर्षांच्या. लग्नाला वर्षं नऊ. म्हणजे घरात त्या बायकोपेक्षा ज्येष्ठ, आणि हे त्या कुणाला विसरू देत नसत.

तो बस आगारात वेळापत्रकं बनवायचा. मांजरासाठीही त्यानं एक बनवलं होतं. सकाळी सात: बाळाच्या रडण्याचा आवाज, मोबाइलवर, हळू. सव्वासात: खाऊ. संध्याकाळी सहा: फडकं. आगारातल्या गाड्यांनी त्याचं वेळापत्रक कधी पाळलं नव्हतं. बाईसाहेबांनी पाळलं.

पाळणं भागच होतं.

"नऊ वर्षांनी पाळणा हलणार आहे, जावईबापू," सासूबाईंनी बजावलं होतं. "मांजर एकदा जरी फिसकारलं, तर घराबाहेर. मग तोंड पाडून बसायचं नाही."

"नाही फिसकारणार."

"मांजराची हमी आजवर कुणी दिलेली नाही."

तिसऱ्या दिवशी मुलीला कावीळ निघाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मुलीलाही. दोघींना लंगोटावर, डोळ्यांना पट्ट्या बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं. काचेतून पाहिलं तर समुद्रकिनारी ऊन खात पडलेल्या दोन म्हाताऱ्या वाटत. बाहेर त्यांच्या आया दोन दिवस एकाच बाकावर बसून मैत्रिणी झाल्या.

सहाव्या दिवशी मुलगी घरी आली.

"नाक अगदी माझं," सासूबाई म्हणाल्या. "कपाळ मात्र जावयांवर गेलंय. असो. केस वाढले की झाकेल."

त्यानं बाळाला घेऊन जमिनीवर मांडी घातली. "या बाईसाहेब. ओळखीचीच आहे."

बाईसाहेब आल्या. बाळाचं पाऊल हुंगलं. पाठीची कमान झाली, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुलली, आणि त्या फिसकारल्या.

"झालं," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं हातापाया पडून चार दिवस मागून घेतले. चारही दिवस तेच घडलं.

"मलाही ती हवीय रे," बायको म्हणाली. "पण डोळा मिटला की ती पाळण्यात उडी घेताना दिसते. माझ्यात आता बळ नाही उरलेलं."

त्यानं डॉक्टरला विचारलं. या वयाचं मांजर कुणी घेत नाही, आश्रयगृहात फार तर महिनाभर ठेवतात, असं कळलं.

"आणि मग?"

डॉक्टरनं बाळाच्या वजनाची चौकशी केली.

रविवारी डॉक्टर पिंजरा घेऊन आला. न्यायच्या आधी आपल्या डोळ्यांदेखत एकदा प्रयत्न करून पाहू, असं ठरलं होतं. तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या खाटेवरची ती बाई होती, मुलीला घेऊन आलेली.

"जाता जाता भेटावं म्हटलं," ती म्हणाली. "उद्या हिला मोठ्या इस्पितळात नेतोय. हृदयाला भोक आहे. शस्त्रक्रिया करतील, पण खात्री कुणीच देत नाही."

बायकोनं तिचा हात धरला. सासूबाईंनी सोफा मोकळा केला. बाईनं मुलीला सोफ्यावर ठेवलं. मुलीचे ओठ निळसर होते.

बाईसाहेब सोफ्याखालून बाहेर आल्या आणि वर चढल्या.

"अगं बाई, धरा तिला!" सासूबाई ओरडल्या.

कुणी धरायच्या आत बाईसाहेबांनी त्या मुलीचं पाऊल हुंगलं, एक गिरकी घेतली, तिच्या कुशीला पाठ लावून मुटकुळं केलं आणि घुरघुरू लागल्या. साऱ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"बघा मेलीला!" सासूबाई म्हणाल्या. "परक्या पोरीवर माया आणि घरच्या लेकीवर डूख!"

"असू द्या," ती बाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आज पहिल्यांदा इतकी शांत झोपलीय."

डॉक्टर उकिडवा बसून पाहत होता. "चमत्कारिक आहे. अनोळखी बाळाजवळ मांजर असं कधी जात नाही." मग तो उठला. "पण आपलं काम झालं. ही बाळांना इजा करणारी नव्हे. महिनाभर मी रोज येईन. वहिनी, ठेवा तिला."

बायकोनं आईकडे पाहिलं. सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "ठेवा बाई. माझं काय जातंय."

पाळण्यातली मुलगी जागी झाली होती, गुलाबी, गुटगुटीत, बायकोचं बोट मुठीत धरून. त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग सोफ्यावरच्या मुलीकडे पाहिलं. बाईसाहेबांना वास ठाऊक होता तो पहिल्या दिवसाच्या फडक्याचा, निळ्या दिव्याच्या आधीचा.

मग त्यानं बाईसाहेबांना उचललं, पिंजऱ्यात घातलं आणि कडी लावली.

"नको," तो डॉक्टरला म्हणाला. "घेऊन जा. आत्ताच."