शेजारची कबरी

शालनच्या परसात कुंपणाला एक डबी टांगलेली होती. कोंबड्यांचा कलकलाट ऐकून ती माणसांच्या भाषेत सांगायची, दाणे संपले, मांजर आलं, अंडं घातलं. शेजारच्या गोदाकाकींकडे असली डबी नव्हती. त्यामुळे त्यांची कबरी कोंबडी महिनाभर शालनच्या लाकडांच्या ढिगामागे येऊन अंडी घालतेय, हे एकट्या शालनलाच ठाऊक होतं. डबी रोज ओरडायची, "घातलं! लाकडांमागे घातलं!" आणि शालन ते कोमट अंडं पदराआड घरात आणायची. आपल्या परसातलं ते आपलं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

आज दुपारी गोदाकाकी रश्श्याची वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"कबरी कापली गं. महिना झाला, एक अंडं नाही. फुकट किती दिवस पोसू?"

शालनने मागे सरकून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

"तुझ्या डबीला सगळ्यांच्याच कोंबड्यांचं कळतं ना?" काकींनी डोळ्याला पदर लावला. "माझी कबरी कधी काही बोलली का गं?"

"नाही हो काकी," शालन म्हणाली आणि मान खाली घालून तिने दोन्ही हातांनी वाटी घेतली.

आत गॅसवर कबरीचं कालचं अंडं उकळत होतं, पातेल्याला आतून टकटक आपटत.