चौथा बोल्ट

ओढ्यातल्या दगडावरून घसरून मोटरसायकल नवऱ्याच्या पायावर पडली. इंजिनाला त्याने हौसेने बसवून घेतलेल्या लोखंडी गार्डामुळे पाय चेचला नाही, पण गार्ड आणि खडकाच्या बेचक्यात अडकला. बायकोने जोर लावला, गाडी तसूभर हलली नाही. वर कुठेतरी पाऊस झाला असावा; पाणी त्याच्या गळ्यापर्यंत चढलं. “गार्ड खोल,” तो म्हणाला. “अरे, मग गाडी तुझ्या पायावरून घरंगळेल. हाडाचा भुगा होईल!” “होऊ दे. लंगडा नवरा चालेल ना तुला?” तिला रडू फुटलं. गाडीच्या टूलकिटमधला पाना काढून तिने पाण्याखाली चाचपडत तीन बोल्ट काढले. चौथा गंजलेला. पाणी ओठांना लागलं, त्याचं बोलणं थांबलं. तिने पान्यावर सगळं अंग टाकलं. बोल्ट सुटला, गाडी घरंगळली आणि तो गुरासारखा ओरडला. तिचा जीव भांड्यात पडला. ओरडतोय, म्हणजे तोंड पाण्याबाहेर आहे.