बाथरूममधले बाहुले

नळ बंद झाला, आणि त्यानंतर आतून कसलाच आवाज आला नाही.

नोरीन धुतलेला टॉवेल हातात घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. बाथरूमचं दार बंद होतं आणि आत टेसा होती. पाणी हलल्याचा नाही, साबण निसटल्याचा नाही, साधा खोकल्याचाही आवाज नाही.

टेसा आठ वर्षांची. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात बालकल्याण खात्याच्या हॉगेनबाई तिला इथे सोडून गेल्या, तेव्हा तिच्याबरोबर कपड्यांची एक पिशवी होती. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ती नोरीनच्या घरी राहणार होती. पोर शहाणी होती. ताटातलं सगळं खायची, शाळेत जायची, विचारलं तेवढं बोलायची. पण अंघोळीचं नाव काढलं की भिंतीला पाठ लावून उभी राहायची. नोरीनने गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, स्ट्रॉबेरीच्या वासाचा साबण आणून पाहिला. शेवटी बेसिनपाशी ओल्या फडक्याने तोंड, हात, पाय पुसून भागवायला लागली. केसांच्या जटा झाल्या. शाळेतल्या नर्सचा फोन आला, आणि पाठोपाठ हॉगेनबाईंचा.

"तुम्हाला झेपत नसेल तर तसं सांगा, नोरीन," त्या म्हणाल्या. "मी दुसरं घर बघते."

उद्या सकाळी त्या येणार होत्या. टेसाची आधीच बरीच घरं झाली होती.

बाहुल्यांची कल्पना नोरीनच्या नवऱ्याची. लाइल हिवाळाभर डलूथच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा, आणि जीव त्याचा तळघरातल्या व्हिनाइलच्या बाहुल्यांत. वीतभर उंचीचे, मोठ्या डोक्यांचे, काळ्याभोर गोल डोळ्यांचे बाहुले. पाणबुडे, पैलवान, चेटकिणी, चंद्रावर निघालेली माणसं. त्यातला एकही त्याने खोक्यातून काढला नव्हता. खोकं फोडलं की बाहुल्याला काही किंमत राहत नाही, हे तो लग्न झाल्यापासून ऐकवत आला होता. नोरीनला त्यांच्यावरची धूळसुद्धा पुसू द्यायचा नाही. आणि या शनिवारी त्याने बाथरूममध्ये फळ्या ठोकल्या, फरशीवर बसून एकेक खोकं फोडलं, आणि टबाच्या वर, आरशाच्या बाजूला, खिडकीत, संडासाच्या टाकीवर, जागा मिळेल तिथे बाहुले मांडले.

"एवढे जण टक लावून बघत असताना माणसानं बसायचं तरी कसं?" नोरीन म्हणाली होती.

"तू डोळे मीट," लाइल म्हणाला. मग म्हणाला, "एकटीला भीती वाटत असेल गं तिला. सोबत होईल."

नोरीनला ते पटलं नव्हतं. हॉगेनबाई हे बघून काय म्हणतील, याचीच तिला धास्ती. आधी पोरीला अंघोळ घालता येईना, आता बाथरूमचं खेळण्यांचं दुकान करून ठेवलंय. पण टेसा दारात उभी राहून बराच वेळ बघत राहिली. "हात लावला तर चालेल?" तिने विचारलं. "तुझेच आहेत आता," लाइल म्हणाला. आणि आज शाळेतून आल्यावर, कोणी काही न म्हणता, ती आपले कपडे घेऊन आत गेली होती.

"टेसा," नोरीनने हाक मारली.

तिने दाराला कान लावला.

"टेसा, बाळा, ठीक आहेस ना?"

खाली स्वयंपाकघरात लाइल ओव्हनमधून रात्रीच्या जेवणाचा बटाट्यांचा हॉटडिश काढत होता. भांड्याचा आवाज आला आणि थांबला. नोरीनच्या डोळ्यांपुढे भरलेला टब आला, ओली फरशी आली, घसरलेला पाय आला. लहान मूल ठेवायचं तर बाथरूमच्या दाराला आतून कडी नको, असा खात्याचा नियम होता. पोर आत अडकायला नको म्हणून. कडी लाइलने टेसा यायच्या आधीच काढली होती. नोरीनने मूठ फिरवली आणि दार ढकललं.

दारामागे काहीतरी कोसळलं. टणटण, खडखड करत फरशीभर पसरलं.

दार हातभर उघडलं होतं. फळ्या रिकाम्या होत्या. सगळे बाहुले दाराच्या आतल्या बाजूला रांगांनी, एकाला एक चिकटून उभे केले होते, आणि पुढच्या रांगा आता आडव्या झाल्या होत्या. पलीकडे टबात टेसा गळ्यापर्यंत पाण्यात होती. गुडघे छातीशी. केसांत साबणाचा फेस. ती श्वास रोखून दाराकडे बघत होती.

नोरीनने मान खाली घातली. फरशीवरच्या पाणबुड्याकडे बघत म्हणाली, "ओ दिली नाहीस. म्हणून घाबरले मी."

नळातून एक थेंब पडला.

"आवाज झाला ना?" टेसाने विचारलं.

"झाला."

"मोठा?"

"खूप मोठा."

"खाली ऐकू जाईल एवढा?"

नोरीनने उत्तर द्यायच्या आधी खालून लाइलनेच विचारलं, "काय गं पडलं?"

"काही नाही," नोरीन म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखा यावा म्हणून तिला जपावं लागलं. "टेसा अंघोळ करतेय. तू वर येऊ नकोस."

आत पाणी हलकंच खळबळलं. पोरीने श्वास सोडला होता.

नोरीन दाराबाहेर गुडघे टेकून बसली. दाराला कडी नव्हती, म्हणून पोरीने पहारा बसवला होता. वर न बघता दार ओढत ओढत फटीएवढं केलं, आत हात घातला आणि हाताला लागतील तसे बाहुले उभे करू लागली.

"असे नाही," टेसा आतून म्हणाली. "तोंडं दाराकडे."

नोरीनने एकेकाचं तोंड स्वतःकडे वळवलं आणि दार लावून घेतलं.