काय सुंदर मरतो!

सुदेशच्या रिफायनरीतले कोरियन साहेब जेवायला येणार म्हटल्यावर शलाकाने कुवेतच्या महबूला भागातला आपला फ्लॅट लख्ख करून टाकला. साहेबांपेक्षा तिला त्यांच्या देशाचं कौतुक जास्त होतं, कारण तिचा लाडका नट हा-गुन तिकडचाच.

साहेबांनी पहिला घास घेईपर्यंत तिने कसाबसा दम धरला. मग तिची इंग्रजीत गाडी सुटली ती थांबेचना. हा-गुन आधी टूथपेस्टच्या जाहिरातीत होता, मग बरीच वर्षं हिरोचा मित्र म्हणून राबला, मधेच सैन्यात जाऊन आला आणि आता कुठे स्टार झालाय. साहेब भरल्या वांग्याचा आस्वाद घेत नुसते मान डोलवत होते.

"अगं, जेवू दे ना त्यांना," सुदेश मराठीत पुटपुटला.

शलाकाचं लक्षच नव्हतं. "सर, त्याची नवी मालिका तुम्ही बघितली असेलच ना?"

"बघितली. फक्त शेवटचा भाग नाही बघितला."

"अहो, तोच तर बघायचा! काय सुंदर मरतो तो त्यात! मी दोन दिवस रडत होते. थांबा, आत्ताच लावते."

तिने रिमोट उचललासुद्धा. साहेबांनी गडबडीने चमचा खाली ठेवला आणि ते संकोचून हसले.



"नको, प्लीज. त्याच्या आईने मला फोनवर बजावलंय, खोटं खोटं असलं तरी आपल्या पोराला मरताना बघायचं नाही."