पाकट सरस की गुंजनपक्षी?

सकाळी मॅनेजरसाहेबांनी प्राणिसंग्रहालयातल्या दोन काचांच्या मधोमध फळा टांगला आणि टाकीवाल्या मामांचं डोकंच फिरलं. डावीकडे माणिककंठी गुंजनपक्षी, उजवीकडे निळ्या ठिपक्यांचा, थाळीसारखा चपटा पाकट मासा. पक्ष्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सेकंदाला पन्नास वेळा पंख हलवतो.' पाकटाच्या रकान्यात, 'वाळूत पडून असतो.' खाली मतं द्यायला दोन बटणं. ज्याला मतं कमी, त्याची रवानगी मागच्या गोदामात: पक्षी असेल तर पिंजऱ्यात, मासा असेल तर पिंपात.

"साहेब, हा पाण्यातला, तो हवेतला. तुलना कसली करताय? आणि पिंपात हा आठवडाभरही जगायचा नाही."

"लोकांना तुलना आवडते, मामा."

"मग निदान 'पडून असतो' तरी पुसा. दबा धरून बसतो तो."

"दिसतं काय पण? वाळू!"

दिसत होती वाळूच. सकाळपासून मामांचा घसा बसला होता. "ते बघा, वाळूतून डोळे वर काढलेत!" लोक वाकायचे, 'कुठाय, कुठाय' करायचे आणि भिरभिरत्या पाखरासमोर जाऊन उभे राहायचे. पाखराचं बटण दणादण वाजत होतं. त्या बिचाऱ्याचा काय दोष! तरी मामांना त्याचा राग यायला लागला, आणि मग स्वतःचाच.

खाणं संध्याकाळी, तेही वाळूवरच टाकायचं, हा मामांचाच नियम. दुपारी तो त्यांनी गुंडाळून ठेवला. शिडीवर चढले आणि चिमट्यात कोळंबी पकडून काचेलगत वरच धरली. वाळू उधळली. पाकट सरसरत वर आला आणि पांढरं पोट काचेला चिकटवून तोंड हलवू लागला.

"अगं बाई, हसतोय की हा!" बघायला आलेल्या एक आजीबाई ओरडल्या. "आणि डोळे बघा कसे मिचमिचे! हसतोय ना हो?"

ते डोळे नव्हते, नाकपुड्या होत्या. डोळे पलीकडे, पाठीवर. सांगायला मामांनी तोंड उघडलं. आजीबाईंचा हात बटणांपाशी घुटमळत होता.

"हो आजी," मामा म्हणाले. "हसतोय."

बटण वाजलं. बघता बघता टाकीपुढे ही गर्दी झाली. तोवर पाकट कोळंबी घेऊन पुन्हा वाळूत शिरला होता.

"आता परत कधी हसेल?" कुणीतरी विचारलं.

मामांनी कोळंबीच्या बादलीवर झाकण घट्ट बसवलं.

"भूक लागली की."