शेजारची धडधाकट मुलगी

"आजारी पोर माझी, आणि तुम्ही निघालात शेजारी?" भट्टीवाला दारातच आडवा उभा राहिला. नुकताच पाळीवरून आला होता. अंगावर कारखान्याचेच कपडे, राखाडी झालेले.

आजाराचं कारण शोधायला आलेल्या पाहणीवाल्या बाईंचे त्याच्या घरचे प्रश्न विचारून झाले होते. पाणी कुठलं, दूध कुठलं, काम काय. कामावरून आल्यावर आधी काय करता, ह्यावर तर त्याने छाती काढून सांगितलं होतं, "पोरीला उचलून घेतो. बाकी सगळं मग."

"शेजाऱ्यांची मुलगी ठणठणीत आहे हो!"

"म्हणूनच जायचंय," बाई म्हणाल्या. "तुमच्या पोरीला येतात तसे झटके हजारांत एखाद्या मुलाला येतात. सगळं शहर तपासायचं म्हटलं तर वर्षं जातील. म्हणून एका आजारी मुलामागे त्याच गल्लीतली दोन धडधाकट मुलं घ्यायची, तेच प्रश्न विचारायचे, आणि फरक कुठे पडतो ते बघायचं."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फरक म्हणे! पाण्यातच काहीतरी आहे हे तो घसा फोडून सांगत होता. पालिकेत टेबलं बडवून झाली, दवाखान्यात डॉक्टरांची कॉलर धरून झाली. झटके थांबले नाहीत तर पोर हाती लागणार नाही, असं डॉक्टरच म्हणाले होते ना? आणि ह्या बाईंना गप्पा सुचतायत! काय दिवे लावतात ते बघायला तो त्यांच्यामागोमाग शेजारी घुसला.

शेजारी त्याच्याच कारखान्यातला, त्याच भट्टीवरचा. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचं काम. पाणी त्याच नळाचं, दूध त्याच गवळ्याचं.

"झाला ना वेळेचा सत्यानाश?" भट्टीवाला कडाडला. पाण्याचा मुद्दा तिथेच निकालात निघाला, हे रागाच्या भरात त्याच्या लक्षातच आलं नाही.

"कामावरून आल्यावर आधी काय करता?" बाईंनी शेजाऱ्याला विचारलं.

"आल्यावर कशाला? अंघोळ कारखान्यातच उरकतो, कपडेही तिथेच बदलतो. ती शिशाची धूळ घेऊन आलो तर बायको उंबरा ओलांडू देईल होय!" शेजारी हसला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी भट्टीवाल्याकडे पाहिलं. त्याने स्वतःच्या सदऱ्याकडे.

तेवढ्यात त्याची आजारी पोर बाबाला शोधत धावत आली. दोन्ही हात वर करून म्हणाली, "बाबा, घे ना!"

"लांब हो!" तो जीव खाऊन ओरडला, आणि आपले हात पाठीमागे लपवत भिंतीला जाऊन टेकला.